हवालदार आल्या, सुभेदार आल्या

मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’ची माहिती देण्यासाठी कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग पत्रकारांसमोर आल्या, आणि कर्नल कुरेशी यांचे सासर गोकाक तालुक्यातील कोन्नूर आहे हे कळल्यावर आपल्या बेळगाव जिल्ह्यात घरोघरी त्यांचे नाव निघू लागले. त्याच सुमारास माझ्याकडे मराठी व्याकरण शिकायला येणाऱ्या आणि पहाटे अग्निवीर भरतीसाठी धावण्याचा सराव करणाऱ्या एका मुलीने वही उघडता उघडता विचारले, “बाई, कर्नलचं स्त्रीलिंग काय?” मी म्हटले, “कर्नलच.” त्यावर तिने पुढचा प्रश्न टाकला, “मग हवालदाराचं?”

‘लिंग बदला’ हा प्रश्न मी कितीतरी वर्षे मुलांना घातला आहे. राजा-राणी, लेखक-लेखिका, पाटील-पाटलीण ही उत्तरे मुलांना पाठ असतात. तरीही हवालदार या शब्दापुढची जागा मी तिला रिकामी ठेवायला सांगितली, आणि ती रिकामी का ठेवायची हे समजावताना जे बोलणे झाले, तेच येथे सविस्तर मांडत आहे. बेळगावकरांसाठी हा विषय दूरचा नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून आपल्या गावात आहे, सांबऱ्याच्या हवाई दलाच्या प्रशिक्षण शाळेतून २०२३ च्या डिसेंबरात १५३ मुली अग्निवीर म्हणून बाहेर पडल्या, आणि त्याच महिन्याच्या ४ तारखेला, घाट उतरून गेले की लागणाऱ्या मालवणात, नौदलातील हुद्द्यांना भारतीय परंपरेनुसार नवी नावे देण्याची घोषणा पंतप्रधानांनी केली. नावे बदलण्याचा विचार चाललाच आहे, तर ती कशी असावीत यावर मराठी माणसानेही बोलले पाहिजे.

‘लिंगनिरपेक्ष भाषा’ म्हणजे काय

एखाद्या पदाचे किंवा कामाचे नाव घेताना ते काम पुरुषच करतो किंवा स्त्रीच करते असे शब्दातून सुचू नये, एवढाच लिंगनिरपेक्ष भाषेचा अर्थ आहे. याचे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण क्रिकेटमध्ये सापडते. सप्टेंबर २०२१ मध्ये क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या मेरिलिबोन क्रिकेट क्लबने ‘बॅट्समन’ हा शब्द नियमावलीतून काढून ‘बॅटर’ हा शब्द घेतला, कारण ‘मन’ म्हणजे पुरुष, आणि खेळणाऱ्या तर मुलीही आहेत. मराठी समालोचकाला मात्र त्या दिवशी काहीच बदलावे लागले नाही. सांगलीची स्मृती मानधना पहिल्यापासून ‘फलंदाज’ होती आणि तशीच राहिली.

असे का झाले, हे पाहण्यासारखे आहे. ‘अंदाज’ हा फारसी प्रत्यय आहे आणि त्याचा अर्थ टाकणारा, फेकणारा असा होतो. तीर टाकणारा तो तिरंदाज आणि तोफेचा गोळा टाकणारा तो गोलंदाज. म्हणजे गोलंदाज हा शब्द मैदानावर येण्याआधी तोफखान्यात होता. एप्रिल २०२३ मध्ये भारतीय लष्कराच्या तोफखान्यात पहिल्यांदाच पाच महिला अधिकारी दाखल झाल्या, तेव्हा त्यांना शोभेल असा शब्द आपल्या भाषेत कित्येक पिढ्यांपासून तयार होता.

इंग्रजीची अडचण इंग्रजीची आहे

इंग्रजीतील जुन्या लष्करी नावांत ‘मन’ जागोजागी आहे: सीमन, एअरमन, रायफलमन, मिडशिपमन. कॅनडाच्या नौदलाने २०२० मध्ये ‘सीमन’ असलेले हुद्दे बदलून ‘सेलर’ असे केले. ब्रिटनच्या हवाई दलाने २०२२ मध्ये ‘एअरमन’ आणि ‘एअरवुमन’ या दोन्हींऐवजी ‘एव्हिएटर’ हा शब्द घेतला. अमेरिकेच्या मरीन दलाने २०१६ मध्ये एकोणीस कामांच्या नावांतून ‘मन’ काढला, पण ‘रायफलमन’ला हात लावला नाही, कारण त्या नावात दलाचा आत्मा आहे असे तेथील सैनिकांना वाटत होते. त्याच वर्षी अमेरिकी नौदलाने एका झटक्यात खलाशांच्या कामांची सगळी जुनी नावे बाजूला ठेवली, आणि खलाशांची नाराजी एवढी वाढली की तीन महिन्यांच्या आत ती परत आणावी लागली. सैनिकाचे त्याच्या हुद्द्याच्या नावाशी असलेले नाते वरून आदेश काढून तोडता येत नाही, हा यातून घेण्यासारखा धडा आहे.

येथे एक आक्षेप नेहमी येतो, की जुन्या इंग्रजीत ‘मन’ म्हणजे माणूसच होता, मग त्यावर वाद कशाला? हे खरे आहे, आणि ते आपल्याला सहज समजावे अशी सोय आपल्या बोलीत आहे. आपण ‘बाईमाणूस’ म्हणतो आणि ‘गडीमाणूस’ही म्हणतो, दोन्हींत माणूस आहे. जुन्या इंग्रजीतही स्त्रीसाठीच्या शब्दात असाच ‘मन’ जोडलेला होता. पुढे इंग्रजीत ‘मन’ एकट्या पुरुषाचा झाला. उद्या मराठीत ‘माणूस’ म्हणजे फक्त गडीमाणूस असा अर्थ पक्का झाला, तर ‘ती चांगली माणूस आहे’ हे वाक्य आपल्यालाही अडखळत म्हणावे लागेल.

आपले हुद्दे मुळातच मोकळे आहेत

आता आपल्याकडची नावे एकेक करून उलगडून पाहू. ‘दार’ या फारसी प्रत्ययाचा अर्थ धारण करणारा, बाळगणारा. ज्याच्याकडे सुभा तो सुभेदार, आणि ज्याच्या हवाली काही सोपवले आहे तो हवालदार. शिवकाळात पंचवीस बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर, एक हवालदार असे, आणि गडाचा ताबाही हवालदाराकडेच असे. या शब्दात जबाबदारी आहे. ती कोणाच्या खांद्यावर आहे याबद्दल शब्द काही बोलत नाही. ज्या भाषेतून हा प्रत्यय आला त्या फारसीत नामांना लिंगच नाही. शिपाई तेथूनच आला. जवान हाही फारसी, आणि त्याचा मूळ अर्थ तरुण. संस्कृतातल्या ‘युवन्’चा तो भाऊबंद आहे. लेफ्टनंट, मेजर, कर्नल हे इंग्रजीतून आले, पण त्यांच्यात ‘मन’ नाही.

मराठीत शिरल्यावर या शब्दांना आपण पुल्लिंगी वागवले, कारण ती कामे पुरुषच करत होते. म्हणजे त्यांचे पुल्लिंग सवयीतून आले आहे, आणि सवय वापराने बदलते. तहसीलदार हा त्याच ‘दार’चा शब्द आहे. बाई तहसीलदार आल्या तेव्हा कोणी नवा शब्द पाडला नाही. ‘तहसीलदार आल्या’ एवढे म्हटले आणि काम भागले.

‘ईण’ लावली की काय होते

तरीही पुष्कळांना वाटते की स्त्रीसाठी स्त्रीलिंगी रूप असायलाच हवे, आणि त्यासाठी मराठीत ‘ईण’ हा हाताशी असलेला प्रत्यय आहे. माझ्या विद्यार्थिनीने ‘हवालदारीण’ असे लिहून दाखवलेही होते. या प्रत्ययाबद्दल मला काळजीने सांगावेसे वाटते, कारण याच ठिकाणी चांगल्या हेतूने मोठी चूक होते.

पाटलीण म्हणजे गावाचा पाटीलपणा करणारी स्त्री असा अर्थ आपल्या मनात येत नाही. ती पाटलांची बायको. देसाईण, देशमुखीण, सुभेदारीण यांचेही तसेच आहे. मास्तरीण या शब्दाने शिकवणारी बाई आणि मास्तरांची बायको असे दोन्ही अर्थ घेतले, आणि नेमके कोणाबद्दल बोलणे चालले आहे हे दरवेळी विचारावे लागे. पूर्वीच्या समाजात पद पुरुषाकडे आणि पदाचा मान बायकोकडे, अशी विभागणी होती, आणि ‘ईण’ने ती विभागणी जपून ठेवली आहे. उद्या एखादी मुलगी वर्षानुवर्षे घाम गाळून हवालदार झाली आणि गावाने तिला हवालदारीण म्हटले, तर न कळत तिच्या कष्टाचे श्रेय तिच्या नवऱ्याच्या नावे जमा होईल.

‘नाईक’ या हुद्द्याचे तर अधिकच वाईट आहे. त्याला हाच प्रत्यय लावला की ‘नायकीण’ होते, आणि आपल्या भागात, विशेषतः गोव्याकडे, या शब्दाचा अर्थ काय होता हे जाणत्यांना सांगायला नको. नाचगाण्यावर पोट भरायला लावलेल्या, समाजाने वापरलेल्या आणि वाळीत टाकलेल्या बायकांचे ते नाव होते. संस्कृत वळणाने ‘नायिका’ म्हणावे तर ती सिनेमातली होते. एकाच शब्दापासून पुरुषासाठी सैन्यातला मानाचा हुद्दा आणि स्त्रीसाठी अशी दोन रूपे निघावीत, यात आपल्या समाजाचा इतिहास जसाच्या तसा उतरला आहे. म्हणून लान्स नाईक झालेली मुलगी लान्स नाईकच राहिली पाहिजे.

लेखिका, शिक्षिका, नगरसेविका हे शब्द चुकीचे आहेत असे मी म्हणत नाही. ते रुळले आहेत आणि त्यांचा अर्थ बायको असा होत नाही. पण हुद्द्याचे तसे नाही. हुद्दा खांद्यावर लावायचा असतो, त्याची श्रेणी आणि अधिकार ठरलेले असतात, आणि एकाच अधिकाराला दोन नावे असली की दुसरे नाव दुय्यम वाटू लागते.

आणि सेनापतीमधला ‘पती’?

पती म्हणजे नवरा हा अर्थ आज ठळक असला, तरी येथे त्याचा अर्थ स्वामी, पालन करणारा असा आहे. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा हा प्रश्न चर्चेत आला, आणि राष्ट्रपती हाच शब्द कायम राहिला. तिन्ही सेनादलांचे सर्वोच्च सेनापतिपद राज्यघटनेने राष्ट्रपतींकडे दिले आहे. म्हणजे हे पद भारतात आतापर्यंत दोन स्त्रियांनी सांभाळले. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत मराठ्यांचे सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडल्यावर सेनापतिपद मुलाकडे आणि प्रत्यक्ष कारभार आई उमाबाईंकडे आला. लोकांनी उमाबाईंनाही सरसेनापती म्हटले, आणि त्या शब्दातला पती कोणाला खटकला नाही.

मराठीत लिंग क्रियापदात असते

मराठीला तीन लिंगे आहेत, त्यामुळे येथे लिंगनिरपेक्ष भाषा शक्यच नाही, असे माझे काही सहकारी ठामपणे सांगतात. अर्धे खरे आहे. ‘मेजर आले’ किंवा ‘मेजर आल्या’ यांतले एक निवडावेच लागते. इंग्रजीत लिंग नामात अडकले आहे आणि मराठीत ते क्रियापदात आहे. म्हणून इंग्रजीला हुद्द्याचे नाव बदलावे लागते, तर आपल्याला फक्त क्रियापद बरोबर वापरावे लागते. ‘कर्नल कुरेशी म्हणाल्या’ हे वाक्य त्या मे महिन्यात सगळ्यांनी लिहिले आणि वाचले. हुद्दा तोच, मान तोच, आणि बोलणारी व्यक्ती स्त्री आहे हेही स्पष्ट.

नियम आणि जाहिराती लिहिताना व्यक्ती कोण हे ठाऊक नसते, तेव्हा शाळेत शिकलेले प्रयोग कामी येतात. ‘उमेदवार वेळेवर आला पाहिजे’ या कर्तरी वाक्यात उमेदवार पुरुष ठरतो. ‘उमेदवाराने वेळेवर यावे’ या भावे प्रयोगात क्रियापदाला उमेदवाराचे लिंग घ्यावेच लागत नाही. ‘उमेदवाराने शर्यत पूर्ण करावी’ येथे क्रियापद शर्यतीप्रमाणे चालते. नाव घेऊन लिहायचे असेल तर ‘यांनी’ आणि ‘यांना’ आहेतच. मिश्र समूहासाठी तर आपल्याकडे नपुंसकलिंगी अनेकवचन आहे: नवराबायको आली, माणसे जमली. कवायतीच्या मैदानावर अडचण कधी नव्हतीच, कारण सावधान, विश्राम, तेज चल, थम या आज्ञांना लिंग नसते.

सीमाभागातल्या आपल्यासारख्यांना आणखी एक गोष्ट रोज ऐकू येते. कन्नडमध्ये एकेरीत ‘अवनु बंदनु’ आणि ‘अवळु बंदळु’ असा भेद आहे, पण मान द्यायचा म्हटले की ‘अवरु बंदरु’, मग तो पुरुष असो की स्त्री. ‘मेजर बंदरु’ म्हणताना आपण कोणाबद्दल बोलतो आहोत हे सांगावे लागत नाही. मान वाढला की भेद गळून पडतो. भाजीच्या गाड्यावर, बसमध्ये, कचेरीत आपण हे वाक्यवळण न अडखळता वापरतो. शिवाय आपल्या आणि कोल्हापूरकडच्या बोलीत कितीतरी मुली ‘मी येते’ न म्हणता ‘मी येतो’ म्हणतात. माझी ही विद्यार्थिनीही वही मिटून उठते तेव्हा “बाई, मी येतो” असेच म्हणते. प्रमाण मराठीच्या तासाला मी हे पूर्वी दुरुस्त करत असे. आता करत नाही.

‘महिला’ किती वेळा लावायचे

यावर एक आक्षेप विचार करण्याजोगा आहे: सगळ्यांना एकच नाव दिले, तर स्त्रिया आल्या आहेत हे दिसणार कसे? मे २०२१ मध्ये बेंगळुरूत लष्करी पोलीस दलात ८३ मुलींची पहिली तुकडी दाखल झाली. तेव्हा ‘महिला लष्करी पोलीस’ हे शब्द लिहिणे आवश्यक होते, कारण बातमीच ती होती. मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून पहिल्या १७ मुली उत्तीर्ण झाल्या. त्यांनाही वेगळे दाखवणे योग्यच होते. माझे म्हणणे एवढेच आहे, की स्त्री असणे हा बातमीचा विषय असेल तेथे ‘महिला’ लिहावे, आणि इतर ठिकाणी गाळावे. ‘महिला मेजरने पूरग्रस्तांना वाचवले’ या वाक्यात पूर आणि वाचवणे मागे पडते. तेथे मेजरचे नाव लिहावे आणि क्रियापदावर विश्वास ठेवावा.

वीरनारी, मर्दानी आणि जयघोष

काही शब्दांची गाठ अधिक घट्ट आहे. ‘वीरनारी’ हा शब्द ऐकला की शूर स्त्री असे वाटते, पण लष्करात तो शहीद जवानाच्या पत्नीसाठी वापरतात. त्यामुळे स्वतः लढणाऱ्या स्त्रीला वीरनारी म्हटले, तर घोटाळा होतो आणि त्या शब्दामागच्या दुःखाचाही अवमान होतो. ‘अग्निवीर’ मुलींसाठीही तसाच ठेवला आहे, आणि तो तसाच असावा.

‘मर्दानी खेळ’ हा आपल्या भागाचा अभिमान. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत परकराचा काष्टा मारून दांडपट्टा फिरवणारी दहा-बारा वर्षांची मुलगी मी पाहिली आहे. पट्ट्याच्या पात्यावर दिव्यांचा उजेड फिरत होता, आणि लिंबू कापले गेले तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाईने दोन्ही हातांनी तिची दृष्ट काढली. त्या खेळाला मर्दानी म्हणावे का, यावर मी बराच विचार केला. ते एका परंपरेचे नाव आहे आणि ते राहू द्यावे. पण एखाद्या मुलीचे कौतुक करताना ‘मर्दासारखी लढली’ असे म्हणू नये, कारण त्यात धैर्य मूळचे पुरुषाचे आणि तिने ते उसने आणलेले ठरते. कित्तूरच्या राणी चन्नम्माने १८२४ मध्ये इंग्रजांशी झुंज दिली, ती तिच्या स्वतःच्या धैर्यावर. त्याच कित्तुरात तिच्या नावाने मुलींची सैनिकी निवासी शाळा आहे, आणि तिला मर्दानी असे विशेषण जोडण्याची गरज कोणाला वाटलेली नाही.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ या जयघोषाला आणि जंगी पलटण, काळी पाचवी या तिच्या पलटणींच्या नावांना हात लावण्याचा प्रश्न येत नाही. ती इतिहासाची नावे आहेत, पदांची नव्हेत. परंपरा बुडेल अशी भीती वाटणाऱ्यांना मी हेच सांगते की मराठीत परंपरा आणि समान मान यांच्यात भांडण फारच थोड्या ठिकाणी आहे. हवालदार, नाईक, सुभेदार जसेच्या तसे ठेवणे हीच येथे परंपरा आहे आणि हाच लिंगनिरपेक्षतेचाही मार्ग आहे. नौदलासाठी नवी नावे शोधणाऱ्यांनी ‘दार’ आणि ‘अंदाज’ यांसारख्या प्रत्ययांकडे पाहावे, असे मला मनापासून वाटते.

‘शब्द बदलून काय होणार?’

सर्वांत प्रामाणिक आक्षेप हाच आहे. पायदळाच्या लढाऊ पलटणींत मुलींना आजही प्रवेश नाही. महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी नेमणूक देण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालाने सुटला. तो शब्दांनी सुटला नसता. हे मला मान्य आहे. पण दार उघडल्यानंतर आत येणाऱ्या मुलीला पहिल्या दिवशी कागद भेटतो, आणि कागद शब्दांचा बनलेला असतो.

माझ्या विद्यार्थिनीने गेल्या महिन्यात एका खाजगी प्रशिक्षण वर्गाचा अर्ज माझ्यासमोर भरला. ‘अर्जदार हा भारताचा नागरिक असावा’ येथून सुरुवात होती. ते तिने वाचले आणि पुढे गेली. पाचव्या रकान्यात ‘विवाहित असल्यास पत्नीचे नाव’ असे छापले होते. तेथे तिचे पेन थांबले. तिचे लग्न झालेले नाही, त्यामुळे रकाना कोरा ठेवून चालले असते. पण तो रकाना आपल्यासाठी छापलेलाच नाही, हे तिला कळले होते. आम्ही दोघींनी मग त्या वर्गाच्या चालकांना मराठीत आणि कन्नडमध्ये एक पानाचे पत्र लिहिले. पहिले वाक्य ‘अर्जदाराकडे भारताचे नागरिकत्व असावे’ असे करावे आणि पाचव्या रकान्यात ‘जोडीदाराचे नाव’ असे छापावे, या दोन विनंत्या त्यात आहेत. कन्नड मजकूर तिने लिहिला, मराठी मी.